दोन प्रती कुठे आहेत?

यरुशलेमला क्नेसेटसमोर राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी वास्तू ऑक्टोबर २०२३ मध्ये वाचकांसाठी उघडली. मोठा सोहळा ठरला होता, पण युद्ध सुरू झाले, सोहळा रद्द झाला आणि दारे गाजावाजा न करता उघडावी लागली. त्यानंतर आपल्या समाजाच्या सहलीच्या बसगाड्याही तिकडे जाऊन आल्या. जमिनीखालच्या कोठारातून यंत्राने पुस्तके काढली-ठेवली जातात हे पाहून आपली मंडळी थक्क झाली. गोल वाचनगृहाचे फोटो मला निदान पंधरा जणांनी पाठवले. प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारला, "तिथे आपले काय पाहिलेत?" एकाचेही उत्तर आले नाही. एका बाईंनी तेवढे कळवले की कॅन्टीनमधली कॉफी महाग आहे.

वाचकहो, हा लेख त्या ग्रंथालयाविरुद्ध नाही. ते मोठे काम करणारे घर आहे. १८९२ साली लहानशा वाचनालयाच्या रूपाने सुरू झाले, १९२५ मध्ये हिब्रू विद्यापीठाकडे आले आणि पुढे ऐंशीहून अधिक वर्षे एकाच वेळी राष्ट्राचे आणि विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणून चालले. १९४८ मध्ये त्याची पुस्तके हर हत्सोफीमवर, म्हणजे माउंट स्कोपसवर अडकून पडली आणि ग्रंथालय शहरात ठिकठिकाणी विखुरले. १९६० मध्ये त्याला गिवत रामला घर मिळाले. म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे काय असते ते या ग्रंथालयालाही ठाऊक आहे. २००७ सालच्या कायद्याने ते राष्ट्रीय ग्रंथालय म्हणून उभे राहिले आणि इस्राएल राष्ट्र, हा देश आणि ज्यू लोक यांच्याविषयीचे साहित्य जमवणे व जपणे हे त्याचे काम ठरले. ज्यू लोकांत बेने इस्राएल येतात की नाही, हा वाद १९६४ मध्ये मिटला आहे. तेव्हा माझी तक्रार आहे ती मुख्यतः तुमच्या-माझ्याविरुद्ध, आणि थोडी विद्यापीठांच्या ग्रंथालयांविरुद्ध. ती मी उघडपणे मांडणार आहे.

या देशात २००० सालचा एक कायदा आहे. जो कोणी काही छापून प्रसिद्ध करील त्याने त्याच्या दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला विनामूल्य द्याव्यात. कायद्याला भाषेचे वावडे नाही. पुस्तक हिब्रूत असो, रशियनमध्ये असो, अम्हारिकमध्ये असो की मराठीत. प्रकाशक म्हणजे तेल अवीवची मोठी कंपनीच असली पाहिजे असेही नाही. आता आठवून पाहा. आपल्या समाजात गेल्या पंचवीस वर्षांत किती स्मरणिका निघाल्या? किती प्रार्थनालयांच्या सुवर्णमहोत्सवांचे अंक निघाले? एलियाहू हन्नबीच्या मलिद्याची गाणी किती जणांनी स्वखर्चाने छापून लग्नात वाटली? कोणी आजोबांच्या आठवणी छापल्या, कोणी कोकणातल्या आपल्या गावाची हकीकत छापली. प्रकाशनाला फुले आली, भाषणे झाली, सामोसे झाले. त्या दोन प्रती मात्र कुठे गेल्या? पाठवल्या असतील त्यांनी हात वर करावा, मी त्यांची क्षमा मागेन. बाकीच्यांना मी विचारतो की हा कायदा ठाऊक नव्हता, की आपले लिखाण ग्रंथालयात ठेवण्याच्या लायकीचे आहे यावर आपलाच विश्वास नव्हता?

मला दुसरे कारण खरे वाटते, आणि तेच मला अधिक झोंबते.

आपले पूर्वज या बाबतीत नशीबवान होते, कारण त्यांच्या वतीने सरकार जागे होते. हिंदुस्थानात १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात द्यावी लागे आणि दर तिमाहीला याद्या निघत. इंग्रजाने हे आपल्या प्रेमाने केले असे कोणी समजू नये. कोण काय छापतो यावर त्याला नजर ठेवायची होती. पण त्या नजरेचा फायदा असा झाला की मराठी पुस्तके लंडनला जाऊन पोचली. तिथे ब्लुमहार्ट नावाच्या सूचीकाराने ब्रिटिश म्युझियममधील मराठी आणि गुजराती पुस्तकांची यादी १८९२ मध्ये छापली आणि १९१५ मध्ये तिला पुरवणी जोडली. आपली पुस्तके मुंबईत आणि पुण्यात छापली जात, म्हणून तीही त्याच कायद्याच्या कक्षेत होती. पुढे स्वतंत्र भारताने १९५४ साली आपला कायदा केला. मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून होतेच. शंकर गणेश दाते या एका माणसाने आयुष्य वेचून १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि ती १९४३ मध्ये छापली. अमेरिकेची गोष्ट तर गमतीची आहे. भारताने अमेरिकेकडून गहू घेतला आणि त्याची किंमत रुपयांत दिली. त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवली गेली. म्हणजे रेशनच्या रांगेत उभे राहून आपण जो लाल गहू खाल्ला, त्याच्या पैशांतून मराठी कादंबऱ्या शिकागोला गेल्या!

पण दुकानात मिळणारे पुस्तक गव्हाच्या पैशांतून तिकडे गेले तरी प्रार्थनालयाच्या ओट्यावर वाटलेली कीर्तनाची पुस्तिका कशी जाणार? आणि अश्दोदला छापलेली मराठी स्मरणिका मुंबईचा कायदा मागणार नाही, लंडनचा तर नाहीच. ती मागणारा एकच कायदा आहे, तो इथला, आणि तो पाळायचे काम आपले आहे.

आता खोक्याची गोष्ट सांगतो. आमच्या शिकूनमध्ये दोन वर्षांपूर्वी एक वृद्ध बाई वारल्या. शिवा झाली, महिना झाला, मुलांनी घर विकायला काढले. एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरलो, तर कागदाच्या निळ्या पेटीशेजारी दोन खोकी. बाईंचा नातू तिसरे खोके घेऊन उतरत होता. मुलगा चांगला आहे, सैन्यातून नुकताच सुटलेला. मला म्हणाला, "अंकल, सगळं हिंदी आहे. घरात कोणालाच वाचता येत नाही." मी म्हटले, "अरे, हिंदी नाही रे, मराठी. तुझ्या आजीची भाषा." तो ओशाळला, पण खोके त्याच्या हातात होते आणि खाली टॅक्सी थांबली होती. मी तिन्ही खोकी घरी आणली. बायकोने काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

खोक्यांत काय होते? हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तके, काठ खाल्लेली. कीर्तनाच्या पुस्तिका. आपल्या समाजात १८८० पासून मराठी कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा आपल्या लोकांनी ओव्या-साक्यांत बांधल्या आणि टाळ-पेटीवर गायल्या. त्यातल्याच या पुस्तिका. जुन्या मासिकांचे सुटे अंक. आणि पाच वह्या, शाळेच्या, रेघांच्या. त्यांत बाईंच्या हाताने लिहिलेली गाणी. हळदीची, मेंदीची, बाळाला पाळण्यात घालण्याची, एलियाहू हन्नबीची. काही गाण्यांखाली "हे आईचे" असे लिहिलेले, एकाखाली "रेवदंड्याच्या मामीकडून". छापील पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठेतरी सापडेल. त्या वह्यांना दुसरी प्रत नाही. त्या दिवशी मला दूध आणायला पंधरा मिनिटे उशीर झाला असता तर त्यांचा लगदा होऊन त्यातून अंड्यांचे खोके तयार झाले असते.

जी पुस्तके कागदाच्या पेटीत जात नाहीत ती गेनिझात जातात. मी हजान नाही, रब्बी नाही. परमेश्वराचे नाव असलेले पान पायदळी येऊ नये, ते जमिनीत ठेवावे, हा आपला धर्म आहे आणि मला तो मान्य आहे. पण फाटलेला कागद आणि जुना कागद यांत फरक आहे. सफाईची घाई झाली म्हणून शंभर वर्षांचे धडधाकट पुस्तक पुरणे म्हणजे धर्म नव्हे, आळस आहे. कैरोच्या जुन्या भागातील बेन एझ्रा प्रार्थनालयाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. तिथल्या कोठडीत शतकानुशतके कागद साठत राहिले, पुरले गेले नाहीत. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात त्यांतले एक लाख नव्वद हजारांवर तुकडे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेले. त्या तुकड्यांत अब्राहाम बेन यिजू नावाच्या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे निघाली. हा माणूस मूळचा ट्युनिशियाकडचा, पण ११३२ ते ११४९ च्या दरम्यान मलबार किनाऱ्यावर, मंगळूरकडे राहिला. पितळेच्या भांड्यांचा कारखाना चालवला, मिरी-सुपारीचा व्यापार केला. कागद महाग, म्हणून आलेल्या पत्रांच्या पाठकोऱ्या बाजूंवर त्याने हिशेब आणि याद्या खरडल्या. आठशे वर्षांनी गॉयटाइन नावाच्या विद्वानाने त्या याद्या वाचल्या, आणि आपल्या कोकणाच्या खालच्या अंगाला बाराव्या शतकात एक ज्यू माणूस काय खात होता, काय विकत होता, कोणावर चिडत होता हे जगाला कळले.

आता सांगा, बेन यिजूच्या खरड्यापेक्षा रेवदंड्याच्या मामीचे गाणे कमी मोलाचे कसे? आपण हिंदुस्थानात केव्हा आलो, नवगावला कुठे उतरलो, यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. त्या वादात पुरावा म्हणून दाखवायला आपल्याकडे कागद थोडा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. मग जो कागद आहे तोही आपणच घालवायचा?

मागे एका सभेत एक सुशिक्षित गृहस्थ उभे राहून म्हणाले, "मराठीचे काम संपले. आपली नातवंडे हिब्रू वाचतात. जुन्या पुस्तकांचा बाऊ कशाला?" टाळ्या पडल्या. मी गप्प बसलो, ती चूक झाली. आज बोलतो.

१८४६ साली मुंबईत पेसाहची हग्गादा मराठी अर्थासह शिळाप्रेसवर छापली गेली. त्या वेळी आपल्यातल्या बहुतेकांना हिब्रू धड समजत नव्हते. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. तिच्यात मात्सा करणाऱ्या बायकांचे चित्र आहे, लुगडी नेसून, जमिनीवर बसून. आज जगातल्या हग्गादांवरच्या मोठमोठ्या ग्रंथांत ते चित्र छापले जाते. त्या हग्गादेवरून सेदेर करणारा एकही माणूस आज जिवंत नाही म्हणून तिचे काम संपले का? जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी जन्मभर हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. त्यांचे मराठी वाचता येणारा नातू आज न मिळो, पण एका कोकणी ज्यूने हिब्रू शब्दाला कोणता मराठी शब्द योजला, हे पाहायला उद्या कोणी येईल तर त्याला पुस्तक हातात मिळाले पाहिजे की नको? आणि नातवंडांना देवनागरी येत नाही हे खरे, पण छापील देवनागरी आता संगणक वाचू लागला आहे. उद्या तो हिब्रूत अर्थही सांगेल. मात्र कागदच नसेल तर संगणक काय वाचणार?

या गृहस्थांना मी आणखी एक आठवण देतो. हाईम शमुवेल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, आणि तोही हिंदुस्थानात आलेल्या इमॅन्युएल ओल्सवांगर यांनी लक्ष घातले म्हणून. चाळीस वर्षे ते हस्तलिखित पडून होते. लेखकाला छापील पुस्तक पाहायला मिळाले नाही. ते बाड मधल्या काळात कोणी बंबात घातले असते तर आज प्रत्येक प्रोफेसर ज्या पुस्तकाचा आधार घेतो ते पुस्तकच नसते.

आणि मराठीचे काम संपले म्हणणाऱ्यांनी १९६२ ते १९६४ ची वर्षे आठवावीत. रब्बीनातने आपल्या लग्नांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी लावली, तेव्हा आपले आईबाप रस्त्यावर आले. यरुशलेमला धरणी धरली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला आणि आपले नाव घेऊन काढलेले ते फर्मान बदलावे लागले. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत त्या काळची सायक्लोस्टाइल केलेली मराठी पत्रके होती. सभा कुठे, वर्गणी किती, कोणी काय बोलले. सरकारी बाजू हिब्रूत आहे, ती दफ्तरखान्यात नंबर घालून नीट ठेवलेली आहे. आपली बाजू मराठीत होती, ट्रंकेत. तिच्यातली निम्मी पत्रके वाळवीने खाल्ली. उद्या या लढ्याचा इतिहास कोणी लिहायला बसला तर तो कोणाच्या कागदांवरून लिहील?

आता ग्रंथालयांकडे वळतो.

शेजारच्या बाईंची खोकी सापडण्याच्या पुष्कळ आधी माझी मावशी वारली, तेव्हा तिची पुस्तके मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली होती. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी कॉफी दिली, आभाराचे पत्र दिले. तीन वर्षांनी मी पुस्तके पाहायला गेलो. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ शोधले आणि "हिंदी, विविध" अशी एक ओळ काढून दाखवली. एवढीच नोंद. बावीस पुस्तकांची एक ओळ! ती कुठल्या खोलीत आहेत ते कोणालाच सांगता येईना. फाटकी म्हणून काही काढून टाकली असावीत, असेही कोणी म्हणाले. चूक त्यांची, तशी माझीही. मी यादी केली नव्हती, पोच मागितली नव्हती, ही कोणती पुस्तके आहेत हे कोणाला सांगितले नव्हते. देणाऱ्याने खोके ठेवले आणि घेणाऱ्याने खोके घेतले.

नोंद ही क्षुल्लक गोष्ट नाही. नोंद नसलेले पुस्तक ग्रंथालयात असून नसल्यासारखे. यरुशलेमच्या ग्रंथालयाची सूची परंपरेने चार लिप्यांत चालत आली: हिब्रू, रोमन, अरबी आणि रशियनची सिरिलिक. देवनागरी त्यांत नाही. जगभरच्या विद्यापीठांत मराठी पुस्तकाचे नाव अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नियमांप्रमाणे रोमन अक्षरांत लिहितात. त्या नियमांत टिळकांच्या नावाच्या शेवटी एक 'ए' चिकटतो, अक्षरांच्या डोक्यावर रेघा आणि पायाखाली टिंबे येतात. पंडितांना ते समजते. दिमोनाच्या आजीला समजत नाही, आणि तिच्या नातीलाही समजत नाही. आजी म्हणेल "कीर्तन", नात हिब्रूत टाईप करील, सूचीत तिसरेच काही असेल. एकच पुस्तक तिघांना तीन दारांनी शोधावे लागते आणि दार एकालाच उघडते.

नावांचा घोळ तर विचारूच नका. मुंबईचे पहिले प्रार्थनालय, शाआर हारहमीम, १७९६ साली बांधले ते शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी. पण कोकणी तोंडात ते सामाजी हसाजी दिवेकर. शमुवेलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी, एलियाहूचा एलोजी हे तुम्हा-आम्हाला शेंबडे पोर होतो तेव्हापासून ठाऊक. सूचीकाराला कोण सांगणार? तो बिचारा सामाजी आणि शमुवेल ही दोन माणसे धरून दोन कार्डे करतो. हे ज्ञान पुस्तकांत नाही, ते आपल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे एकेक करून जात आहेत.

म्हणून ग्रंथालयांना माझे मागणे एवढेच: मराठी पुस्तकाचे नाव मराठी अक्षरांत लिहा. संगणकावर देवनागरी केव्हाच आली आहे, आता सबब उरलेली नाही. शेजारी रोमन असू द्या, हिब्रूत दोन ओळींचा अर्थ असू द्या. आणि वाचता येत नसेल तर आम्हाला बोलवा. आपल्यात निवृत्त शिक्षिका आहेत, नर्सा आहेत, पोस्टातले लोक आहेत, त्यांचे अक्षर सुरेख आहे आणि दुपार मोकळी आहे. विद्यापीठे नवनव्या सेवा जाहीर करतात: घरबसल्या पुस्तक पाहा, रात्री उशिरापर्यंत वाचनगृह उघडे, छायाचित्रे मोफत. उत्तम. पण सूचीत न सापडणाऱ्या पुस्तकासाठी रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले वाचनगृह काय कामाचे?

काहीजण म्हणतील, ग्रंथालयाला कशाला द्यायचे, आपले स्वतःचे दालन काढू. कल्पना मला आवडते. पण मी अशी दालने पाहिली आहेत. एक लोखंडी कपाट, वर गणपतराव जोशींच्या नाटकातल्यासारखे मोठे कुलूप, किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी मुलीकडे हैफाला. निवडणुकीत मंडळ बदलले की किल्ली हरवते. पावसाळ्यात छत गळते, मग पुस्तके खाटेखाली. दुसरे म्हणतील, आम्ही पानांचे फोटो काढून फोनवर पाठवले आहेत, झाले काम. ते फोटो फोनमध्ये लग्नाच्या आणि शाबात शालोमच्या फोटोंखाली गाडले जातात आणि फोन बदलला की जातात. फोटो काढाच, पण त्यावर पुस्तकाचे नाव, साल, कोणाच्या घरचे ते लिहा, आणि मूळ प्रत सांभाळणाऱ्याच्या हाती द्या. आणखी एक काळजी घ्यावी. पुस्तक ग्रंथालयात ठेवले म्हणून ते सगळ्या जगाला संगणकावर दाखवता येते असे नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर इथे ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. आजोबांचे पुस्तक देताना एका कागदावर भावंडांनी सह्या करून परवानगी दिली तर पुढच्या माणसाची दहा वर्षांची धावपळ वाचते. भावंडांत बोलणे नसेल तर या निमित्ताने करा.

मी यंदा काय करतो आहे ते सांगतो. शेजारच्या बाईंच्या तीन खोक्यांची यादी केली, एकूण चौऱ्याऐंशी नग. प्रत्येकाचे नाव मराठीत आणि हिब्रूत. यादीच्या दोन प्रती, एकीवर पोच घेणार आणि मगच पुस्तके देणार. पाच वह्यांचे बाईंच्या मुलीशी बोलणे झाले. तिला त्या आधी नको होत्या, आता तिने त्यांतली एक ठेवून घेतली आहे, चार द्यायला कबूल झाली. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. मी फोनवर एक गाणे वाचून दाखवले तर पुढचे कडवे तिनेच म्हटले.

चौऱ्याऐंशीपैकी एक पुस्तिका मला ओळखता आलेली नाही. कीर्तनाची आहे, मुखपृष्ठ आणि पहिली आठ पाने नाहीत. कथा सुरू होते ती योसेफाला त्याचे भाऊ विहिरीत टाकतात तिथून. शेवटच्या पानावर किंमत दोन आणे छापली आहे, छापखान्याच्या नावावर शाईचा डाग आहे. ज्यांच्या घरी पुरी प्रत असेल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावे. प्रत मागणार नाही. पहिल्या पानाचा फोटो पुरे.